फोटोतली काकडी

मोहर्लीच्या रिसॉर्टवर दुपारी सॅलड मांडणाऱ्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, पण तीन दिवस त्यांचे हात पाहत होतो. मधोमध वाटीत चक्क्याचं लसूण घातलेलं डिप, भोवती गाजर, मुळा, काकडी. काकडीची एकेक चकती बोटाने किंचित सरकवायची, मग मागे होऊन मान तिरकी करून बघायचं. पाहुणे ताटाचा फोटो काढायचे आणि सफारीला निघून जायचे.

तिसऱ्या दिवशी त्या भरलेलं ताट तसंच परत नेत होत्या. मी म्हटलं, "बाई, फार छान मांडता तुम्ही."

"माह्या वावरातल्या काकड्या रानडुकरायनं खाल्ल्या, तवा लय राग आला होता," त्या म्हणाल्या. "आता वाटते, त्यायनं खाल्ल्या तरी."

मी एक चकती उचलून डिपमध्ये बुडवली. ती खाऊन होईपर्यंत त्या ताट धरून उभ्या राहिल्या.