पायाखालचा मुद्देमाल

"या ओंडक्याचं टोक कुठं गेलं?" मी तिसऱ्यांदा विचारलं, तसे नाझर घाम पुसायला लागले. नाझर म्हणजे कोर्टाच्या सामानसुमानाचे कारभारी.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि ते मध्य प्रदेशात होतं. मी तिथं सेशन जज्ज होतो. अपील आलापल्लीकडच्या दौलत भोयरचं होतं. सागवान चोरल्याबद्दल खालच्या कोर्टानं त्याला सहा महिने ठोकले होते. तो जामिनावर होता. धानाची रोवणी तोंडावर आली होती आणि घरात चिखलात उतरणारा तो एकटाच.

दौलतचं म्हणणं, झाड माझ्या बांधावरचं. रेंजरनं बुंध्याच्या टोकाला हातोडा मारून परवानगी दिली. हातोडा म्हणजे जंगल खात्याचा लाकडावर ठोकलेला शिक्का. त्याला पकडणारा जंगलाचा गार्ड म्हणे, शिक्का नव्हताच. रेंजर तोवर वारला होता. खालच्या कोर्टानं सगळे कागद वाचले, लाकूड मात्र कुणी पाहिलं नाही. म्हणून मी ओंडका व्हरांड्यात मागवला, तर नेमकं टोक करवतीनं कापलेलं.

दौलत मात्र सकाळपासून टेबलाखालच्या माझ्या पायांकडं टक लावून होता. मला त्याचा रागच येत होता. मी बुटका, आणि खुर्ची आधीच्या धिप्पाड जज्जांची. पाय लोंबू नयेत म्हणून नाझरांनी आठवड्यापूर्वी एक सागाचा ठोकळा आणून दिला होता. मी त्यांचं कौतुकही केलं होतं.

शेवटी मी दौलतला विचारलं, "काय बघतोस?"

"गाठ वळखू आली जी, साहेब. तुमी माया लाकडावर पाय ठेवून राह्यले."

कोर्टात कुणी हसलं नाही, पण बऱ्याच जणांना खोकला आला. नाझरांनी हात जोडले. शिक्षा झाली म्हणजे माल सरकारजमा, आणि साहेब म्हणजे सरकारच, असं त्यांनी धरलं होतं. अपील दाखल झालंय हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मी पाय वर घेतले. शिपायानं ठोकळा उलटा केला. तळाला रेंजरचा शिक्का लख्ख होता. मला मनापासून लाज वाटली. सकाळपासून मी निकालच पायाखाली दाबून बसलो होतो.

दौलत सुटला. मुद्देमाल त्याला परत, असा हुकूम मी लिहिला. ठोकळा खांद्यावर घेऊन तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"राहू देऊ का जी? पाय लोंबून राह्यले तुमचे."

मोह झाला. पण हुकमावर सही होऊन गेली होती.

पुढं हायकोर्टात अपिलं ऐकण्यात माझी वर्षं गेली. वकील पुरावा नाही म्हणून ठासून सांगू लागले, की मी आधी टेबलाखाली वाकून बघायचो.