टांगलेला तुंबा

देवरीहून निघाले तेव्हा सूर्य झाडांच्या मागेच होता. पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी, सायकलच्या दांड्याला दोन बाटल्या, सीटखाली नटबोल्टचे पाने, ठिगळांची डबी आणि हवेचा पंप. आदल्या दिवशी नागपूरला बसच्या टपावर सायकल चढवताना नवरा म्हणाला होता, "फिरायला चाललीस की बिऱ्हाड हलवतेस?" मी लक्ष दिलं नाही. चाळिशीत डोंगरी सायकल घेतली की असली बोलणी अंगवळणी पडतात.

चिचगडची सडक सोडून जंगलातली बैलगाडीची वाट धरली आणि मोहाचा वास आला. एप्रिल लागला होता. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली, तिच्यावर पिवळसर टपोरी फुलं, आणि वर तरंगणारा निळा धूर. वास इतका गोड की पापण्या जड व्हाव्यात. मी सायकल चालवत होते की सायकल मला झोपेत नेत होती, कोण जाणे! मध्येच पाठीला गारवा लागला. अहाहा, म्हटलं, काय सुख आहे.

सुख कसलं, डोंबल! पिशवी गळत होती. थांबून पाहिलं तर आत घोटभरही नाही. एक बाटली धक्क्यांनी कुठेतरी उडाली होती. दुसरी मी पाठीवर भरपूर आहे म्हणून आधीच संपवली होती.

दहाचं ऊन चटकायला लागलं. घशाला कोरड पडली आणि तेवढ्यात एका मोहाच्या फांदीला तुंबा (वाळवून पोखरलेला दुधीभोपळा) टांगलेला दिसला. "कोणी आहे का?" दोनदा हाक मारली. उत्तर नाही. मग मी प्यायले. एक घोट म्हणता म्हणता सगळं. आणि शहाण्यासारखा तुंबा होता तिथेच परत टांगून ठेवला.

पुढे अर्ध्या मैलावर नाला होता, कोरडा. त्याच्या काठावर एक म्हातारेबुवा टोपलीत फुलं वेचत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तहानली दिसून राहिली बाई. मांगं झाडाले आमचा तुंबा हाये, पेली नाई?"

"प्यायले, बाबाजी. सगळंच संपवलं."

"बरं केलं. खाली उपडा ठेवला ना?"

"उपडा? नाही, परत टांगला."

त्यांचा हात थांबला. "काऊन टांगला वं?"

मग कळलं. भरलेला तुंबा टांगायचा, रिकामा बुंध्याशी उपडा ठेवायचा, म्हणजे येणारा माणूस आधी नाल्याच्या वाळूतल्या पाण्याकडे वळतो. त्यांची सून, सातवा महिना लागलेली, पहाटेपासून टेकडीपलीकडे फुलं वेचत होती. "टांगून दिसला का ते थेट झाडाखालीच येईन," बाबाजी म्हणाले. "मंग इथवर कशी चालन? अन् माह्या गुडघ्याचं असं."

 पाणी न्यायला त्यांच्याकडे फक्त टोपली होती. मी पिशवी उन्हात सुकवली, पॉलिशपेपर घासला, सोल्युशन लावून ट्यूबचं ठिगळ अंगठ्याने दाबून धरलं. बाबाजींनी वाळूत झिरा (हाताने उकरलेला पाण्याचा खड्डा) मोकळा केला आणि पळसाच्या पानाच्या द्रोणाने पिशवी भरायला घेतली. मी घाई करायला लागले तर म्हणाले, "दम धर. गढूळ होईन." पाणी आपल्या चालीने झिरपत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

पाने, पंप, डबी सगळं वाळूतच टाकून निघाले. वासही तोच आणि धूरही तोच, पण आता झोप कुठली!

ती झाडाखाली बसली होती. पोरसवदा बाई, डोक्यावरचा पदर घामाने भिजलेला, रिकामा तुंबा मांडीवर. ओठ पांढरे पडले होते. मी धापा टाकत सांगितलं, "मीच प्यायले गं. मीच टांगला. चुकलं माझं."

मी पिशवी पुढे केली. नळी तिला जमेना, म्हणून मी तिच्या ओंजळीत पाणी सोडत राहिले. ती हळूहळू प्यायली. मग नाक मुरडून म्हणाली, "सायकलीचा वास येऊन राहिला," आणि हसली. मला रडूच फुटलं.

माझ्याकडे बघत तिने अगदी सरळ विचारलं, "तुमच्या गावात रिकामं बी टांगूनच ठेवतेत का?"

 मी उरलेलं पाणी तुंब्यात ओतलं आणि तो तिच्यासमोर फांदीला टांगला. ती तिथेच टेकून बसली. बाबाजी लंगडत पोहोचेपर्यंत मीही बसले. वर एक एक फूल सुटत होतं, टप्, टप्. मग सामान घ्यायला नाल्यावर गेले.

नागपूरला घरी पोहोचले तेव्हा नवरा चहा करत होता. मी पिशवी धुतली, सवयीने खुंटीकडे हात नेला आणि मागे घेतला. मोरीच्या कट्ट्यावर ती उपडी ठेवली.

"खुंटी मोकळी आहे की," तो म्हणाला. "टांगत का नाहीस?"

"रिकामी आहे," मी म्हटलं.