आण्णांनी वाचलेले सहा आकडे

नेसरीच्या स्टँडवर गडहिंग्लजची एसटी लागली होती आणि मी आईच्या बांगडीतली पिन मागून घेऊन माझ्या मोबाइलमधलं सिमकार्ड काढत होते. सोडायला आलेल्या बायकांना वाटत होतं की पोरगी आता रडेल, कुणाच्या तरी गळ्यात पडेल. माझं सगळं लक्ष त्या नखाएवढ्या तुकड्याकडे होतं. दुकानदारानं दिलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीत तो बसवून आण्णांच्या बटणांच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत घालायचा होता. फोनचं मागचं झाकण मला निघेना. आण्णांनी ते गवंड्याच्या जाड नखानं एका झटक्यात काढून दिलं.

आण्णा म्हणजे माझे वडील. भिंती बांधतात. शाळा दुसरीपर्यंत. आई काजूच्या कारखान्यात जाते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि आता पोलंडला अन्नप्रक्रियेचं शिक्षण घ्यायला निघाले होते. पोलंड म्हटल्यावर आण्णांना एकच गोष्ट आठवली होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडची माणसं छावणीत राहून गेली होती. "ती हितं आली तवा त्यास्नी काय येत हुतं?" असं ते म्हणायचे. "तरी राहिली की. तू बी ऱ्हाशील."

सिमचं कारण साधं होतं. माझं बँकेचं खातं त्या नंबराला जोडलेलं होतं. कार्डानं काही घेतलं की सहा आकड्यांचा मेसेज त्यावर यायचा. मोबाइलच्या दुकानात परदेशी रिचार्जचा भाव विचारला आणि तो ऐकून मी परत फिरले. तेवढ्या पैशात आमच्या घरी महिन्याचं तेल-मीठ येतं. मग मी ठरवलं, सिम इथंच राहील, मेसेज आण्णांना येईल आणि ते मला फोनवर वाचून दाखवतील. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. नुसते मेसेज घेण्यासाठी एवढं मोठं रिचार्ज बहुतेक वेळा लागतच नाही, हे मला खूप उशिरा कळलं.

गाडी सुटण्याआधी बायकांनी हातावर पैसे ठेवले. कुणी एकावन्न, कुणी एकशे एक. काही नोटांना कुंकू लागलेलं होतं. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत. वॉर्साच्या विमानतळावर मी त्यातल्या थोड्या नोटा पैसे बदलायच्या खिडकीत दिल्या. आतल्या बाईनं त्या बोटाच्या टोकानं परत माझ्याकडे सरकवल्या. रुपये घेत नाही, असं तिनं मानेनंच सांगितलं. म्हणून माझ्याजवळचे थोडे युरो मी तिथंच बदलले. वर मोठ्या अक्षरांत 'कमिशन नाही' असं लिहिलं होतं. पुढं माझ्या कॉलेजच्या गावी, क्राकोवमध्ये, गल्लीतल्या दुकानात तेवढ्याच युरोंचे किती जास्त पैसे मिळतात ते पाहिलं आणि दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

तुमच्यापैकी जे पुढं इकडे शिकायला येणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला शिकवायचा अधिकार नाही, पण चुकलेल्या माणसाला निदान चूक तरी नीट सांगता येते. एटीएम विचारतं, रक्कम तुमच्या देशाच्या पैशात करून देऊ का? रुपयांचा आकडा दिसला की जीव थंड होतो आणि हात 'हो'कडे जातो. 'नाही' दाबा. तो ओळखीचा आकडा महाग पडतो. आणि थोडं थोडं चारदा काढू नका, दर वेळी बँक आपला वाटा घेते. हे सगळं मी वहीत लिहून ठेवत होते. काटकसर मला जन्मापासून येते. आपण वाचवतो आहोत म्हणजे सांभाळतो आहोत, असं मला वाटायचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र त्या वहीत कुठंही नव्हतं.

सुरुवातीचे दिवस खरं तर चांगले गेले. मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उभी राहून काहीतरी मागवायची, मग घरी फोन लावायची. आण्णा कामावर असले तर बांधकामाच्या परांचीवरून खाली उतरायचे. चष्मा लावायचे. मेसेज इंग्रजीत असायचा, पण आकडे त्यांना येतात. मोजपट्टीवर जन्म गेला आहे. दोन दोन आकडे जोडून ते सावकाश सांगायचे, "येकुणपन्नास. मग शून्य सहा. मग त्र्याऐंशी." मग विचारायचे, कशाचं होतं. उशीचं, मी सांगायची. ट्रामच्या पासाचं. जाड मोज्यांचं. संध्याकाळी आईला बातमी मिळायची की पोरीनं आज मोजं घेतलं. माझ्या इथल्या संसाराची एकेक वस्तू त्या सहा आकड्यांतून त्यांच्याकडे पोचत होती. दुसरं बोलायला आम्हा दोघांना कधीच फारसं जमलं नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं होतं, "बाकी विंग्रजीत काय लिवलंय गं खाली?"

मी घाईत होते. म्हणाले, "त्याच्याकडं लक्ष देऊ नका आण्णा. सहा आकडं तेवढं वाचायचं."

खाली लिहिलं होतं, हा आकडा कुणालाही सांगू नका.

दुसऱ्या सत्राची फी माझ्या खात्यात होती. आण्णांनी भिंतीभिंतीतून आणि आईनं काजूच्या बियाबियांतून साठवलेली. ती युरोत पाठवायची होती आणि बँकेचा पाठवणावळीचा खर्च मला फार वाटत होता. विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली होती, निम्म्या खर्चात पैसे पाठवा. मी ती उघडली. नाव विचारलं, कॉलेज विचारलं, कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आणि भारतातल्या घरच्या माणसाचा फोन नंबर. मी सगळं भरलं. शेवटी पानावर नुसतं चक्र फिरत राहिलं. नेट गेलं असेल म्हणून मी ते बंद केलं आणि तासाला निघून गेले.

चार दिवसांनी रविवार होता. मी सहज घरी फोन केला. आण्णांचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोकळा होता.

"झालं का गं काम? तीन बार आकडं सांगितलं की मी."

मी विचारलं, कुणाला?

"तुज्या कालेजातला मानूस. मराटीतच बोलत हुता. म्हणला, आश्विनी फीच्या खिडकीपाशी हुबी हाय, तिचा फोन बंद पडलाय, आकडं सांगा. तुजं नाव म्हाईत, कालेज म्हाईत, कार्ड कुठल्या बँकेचं त्ये बी म्हाईत. मी हातातली थापी टाकून पळत आलो बग."

मी फोन चालू ठेवूनच खातं उघडून पाहिलं. फीचे सगळे पैसे गेले होते. पलीकडून आण्णा विचारत होते, "न्हाय झालं व्हय? परत सांगू?"

त्यानंतर जे करायचं ते मी केलं. कार्ड बंद केलं. बँकेला फोन लावला, तक्रार नोंदवली, मामेभावाला आण्णांबरोबर पोलिसांकडे पाठवलं. तिथं आण्णांना तेच पुन्हा पुन्हा विचारलं गेलं की तुम्ही आकडे का सांगितले. ते म्हणत राहिले, पोरीचं काम होतं. पैसे अजून आलेले नाहीत. विद्यापीठानं फी भरायला मुदत वाढवून दिली, आणि मी शनिवार-रविवार एका गोदामात खोकी बांधायला जाते. शिक्षण सुटलेलं नाही, एवढं सांगते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागू नये.

सुटलं ते दुसरंच. आण्णा फोन घेईनात. आई सांगायची, फोन वाजला की घरामागं परड्यात जात्यात. गावात कुणीतरी चहाच्या गाड्यावर म्हणालं होतं, गवंड्यानं लेकीच्याच घराला भगदाड पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी चहाला जायचं सोडलं. मी आईकडून दर वेळी निरोप द्यायची की चूक माझी होती. मीच सिम ठेवून आले, मीच त्या पानावर सगळं भरलं, आणि इंग्रजीकडे लक्ष देऊ नका असं मीच सांगितलं. आई निरोप पोचवायची. "ऐकत्यात," ती म्हणायची, "पर बोलत न्हाईत."

दोन महिने असे गेले. माझ्याबरोबर इथं आलेल्या मुला-मुलींना ठाऊक असेल, इतक्या लांबून समजूत काढता येत नाही. समोर असते तर त्यांच्याबरोबर वाळू चाळायला बसले असते, न बोलता. फोनवर न बोलणं म्हणजे नुसता बंद फोन.

शेवटी मी एक तोड काढली. मी स्वस्त पडतं म्हणून ॲपवरून फोन करते, त्यामुळे तिकडे दर वेळी वेगळाच नंबर दिसतो. लाजेइतकेच ते आता त्या अनोळखी नंबरांना घाबरत होते, असं आई म्हणाली. मी आईला सांगितलं, आण्णांना म्हण, फोन आला की आधी घरातलं काहीतरी विचारायचं, जे बाहेरच्याला ठाऊक नसेल. उत्तर चुकलं की फोन कट. मग समोर कुणी का असेना, अगदी माझा आवाज का असेना.

हे त्यांना पटलं. भिंत सरळ आहे का ते ओळंबा लावून बघण्यासारखंच होतं ते. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः फोन घेतला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "तुज्या गुडघ्याला टाकं कशानं पडलं?" विळ्यानं, मी म्हणाले. "कुठला गुडघा?" डावा. मग एक मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि मग, "जेवलीस काय?"

मी त्या दिवशी पुष्कळ रडले. दोन महिन्यांनी ऐकलेला तो पहिला साधा प्रश्न होता.

मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "सैपाकघरातनं भाईर जायाचं दार कुठल्या अंगाला हाय?"

हे तर डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मावळतीला. परड्याकडं."

फोन कट झाला.

 मी पुन्हा लावला. पहिल्या दोन वेळा त्यांनी तो घेतलाच नाही. तिसऱ्यांदा घेतला आणि तोच प्रश्न विचारला, या वेळी आवाज कडक होता. मी मनातल्या मनात त्या घरात फिरून पाहिलं. मोरी, फडताळ, जात्याची जागा. दार तिथंच होतं. पण ते उत्तर चुकलं होतं, आणि दुसरं माझ्यापाशी नव्हतं.

"आण्णा," मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाय."

 मागं आई कुणाला तरी हाका मारत होती. मला वाटलं, परत कट होईल.

मग ते म्हणाले, "मग तूच हाईस. चोराला समदं म्हाईत असतंय."

नंतर त्यांनीच सांगितलं. ते पैसे गेल्यापासून त्यांना मागच्या दाराच्या काळजीनं झोप यायची नाही. दोन-दोनदा उठून कडी बघायचे. शेवटी त्यांनी ते दार काढलं आणि तिथं विटा लावल्या. ते माझ्याशी बोलत नव्हते त्या दिवसांतच हे झालं.  आईनं मला हे कधीच सांगितलं असेल, असंच त्यांना वाटत होतं. आई मागून कुरकुरत होती की भांडी घासायला आता सगळ्या घराला वळसा घालून पुढच्या दारानं जावं लागतं, आणि या माणसाला कोण सांगणार की तो चोर दारानं आलाच नव्हता.

मी विचारलं, मग आता स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो? त्यांनी उगवतीला एक लहान खिडकी पाडली आहे. किती उंचीवर, किती रुंद, गिलावा कसला, हे ते सांगत गेले. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत गेले. फळी आता कुठं आहे, माठ कुठं सरकवला, आई कुठल्या बाजूला तोंड करून बसते. त्यांनी सगळं मापासकट सांगितलं आणि मी सगळं लिहून घेतलं.

लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते. पण मला आठवतं ते घर आता तिथं नाही. जे आहे ते मला फक्त ऐकून माहीत आहे, आणि त्याचा नकाशा मी पाठ करते आहे, आण्णांनी विचारलं तर चुकायला नको म्हणून.