थोरलीची लोकर

साठी उलटली तरी घरात तिचं नाव धाकटीच राहिलं. बाहेर मात्र लोक तिला संतिणीची बहीण म्हणायचे. थोरली लहान वयातच गेली. आजाऱ्यांची सेवा करता करता तिनं त्यांचंच छातीचं दुखणं घरी आणलं आणि पंधरावं पुरं व्हायच्या आत डोळे मिटले. तिच्या नावानं केलेली प्रार्थना फळते, असं हळूहळू लोक सांगू लागले. चर्चची चौकशी वर्षानुवर्षं चालली आणि आता कुठे तिला संतपद मिळणार होतं.

धाकटीचा विणकामाचा धंदा जिन्याखालच्या खोलीत. शाळांचे स्वेटर, बाळांचे मोजे. खोलीत थोरलीचं काहीच नव्हतं. फोटो, जपमाळ, अगदी खाटसुद्धा चर्चनं नेली होती. "आमच्या वाट्याला तिच्याशी केलेली भांडणं तेवढी उरली," असं ती सुनेला म्हणायची.

त्या दिवशी सकाळीच फादर आले.

"फोटोत तिच्या अंगात निळा स्वेटर आहे. तो मिळाला तर वेदीजवळच्या काचेच्या कपाटात ठेवू म्हणतो."

"लोकर आहे, फादर. स्वेटर नाही."

फादर गोंधळून बघत राहिले. धाकटीनं सुनेच्या कडेवरच्या नातवाकडे बोट केलं. त्याच्या डोक्यावर निळी टोपी होती आणि तिचा गोंडा तो चघळायला बघत होता.

मग तिनं सगळं सांगितलं. थोरली अंथरुणाला खिळली तो हिवाळा कडाक्याचा होता आणि धाकटीच्या अंगात धड काही नव्हतं. थोरली आईला म्हणाली, "माझा स्वेटर उसव आणि धाकटीला विण. मला आता थंडी वाजत नाही." आईनं तसंच केलं. पुढे त्या स्वेटरची धाकटीच्या मुलाला बंडी झाली आणि बंडीची ही टोपी.

"दर वेळी लोकर धुवायची, वजन बांधून टांगायची, म्हणजे ती सरळ होते," धाकटी म्हणाली. "आणि थंडी वाजत नाही म्हणणारीचे दात वाजायचे. मी शेजारच्याच खाटेवर होते."

"म्हणजे ती खोटं बोलली?"

"साफ खोटं. संत झाली म्हणून काय झालं?"

फादर हसले. मग जरा अडखळत म्हणाले, "टोपी दिलीत तर? आजारी माणसं लांबून येतात हो. त्यांना काहीतरी डोळ्यांनी बघायचं असतं."

"काचेला थंडी वाजत नाही, फादर," सून म्हणाली. "आमच्या बाळाला वाजते."

धाकटीनं टोपीकडे पाहिलं. अख्खी थोरली लोकांची झाली होती, एवढी मूठभर तिची उरली होती. ती द्यायला तिचा जीव होत नव्हता. पण लांबून येणारी ती आजारी माणसंही तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. थोरली असती तर विचारातसुद्धा पडली नसती. पुन्हा एखादी थाप मारून देऊन मोकळी झाली असती. या विचारानं धाकटीला तिचा जुना राग आला आणि रागाबरोबर हसूही.

"आण इकडे त्याला," ती सुनेला म्हणाली.

तिनं टोपी काढली, खालच्या कडेचं टोक सोडवलं आणि लोकर ओढू लागली. दुमडलेली कड उसवत गेली तशी ती लोकर बोटांवर गुंडाळत गेली. लिंबाएवढा गुंडा झाल्यावर तिनं धागा कापला आणि गुंडा फादरांच्या हातावर ठेवला.

"हे ठेवा काचेत. आणि खाली काही लिहिणार असाल तर लिहा, बाकीची वापरात आहे."

फादरांनी गुंडा दोन्ही हातांत धरला. बाळाच्या उघड्या डोक्यावर क्रुसाची खूण केली आणि ते गेले.

धाकटीनं शाळेच्या स्वेटरांची उरलेली लाल लोकर काढली, टोपीचे सुटे टाके सुईवर उचलले आणि नवी कड विणायला घेतली. दुपार व्हायच्या आत बाळाचे कान झाकायला हवे होते.