बिनवासाचा धूर

अख्ख्या ग्वाल्हेरात धुरापासून पळणारे लाखो लोक असतील, पण धूर दिसला की लगबगीने त्याच्याकडे चालत जाणारा माणूस एकच आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. मराठीत त्यांना आतोबा म्हणायला हवं. पण आमच्या चार-पाच पिढ्या इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेल्या, हिंदी पार स्वयंपाकघरापर्यंत आली आणि आतोबांचे फूफाजी झाले. पुढे गल्लीतली मुलं, त्या मुलांचे बाप, हजीरा भागातल्या गॅरेजांचे मिस्त्री असे सगळेच त्यांना फूफाजी म्हणू लागले. आमच्या इकडे फूफाजी म्हणजे लग्नात रुसून बसणारा माणूस. आमचे फूफाजी आयुष्यात एकदाच रुसले आणि तेही नवरदेवाच्या गाडीवर. माझ्या चुलतभावाची वरात निघाली होती, बँड वाजत होता, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि हे तिच्या मागे कमरेत वाकून हवा हुंगत होते. "क्लचप्लेट जळते आहे," त्यांनी जाहीर केलं. "ही दाल बाजार नाही पार करणार. मी या गाडीच्या मागे नाही येणार." सगळे हसले. गाडी दाल बाजारात, डाळीच्या पोत्यांच्या ऐन मधोमध बंद पडली आणि नवरदेव सेहरा सावरत उरलेला रस्ता पायी गेला. फूफाजी मांडवात आधीच पोचून चहा पीत बसले होते.

नोकरी त्यांची बसच्या डेपोत, गाड्या तपासण्याची. तिथे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं डिझेलचा धूर खाल्ला. इतर कुणाचं नाक त्यात कायमचं बसलं असतं, यांचं तयार झालं. त्याचं श्रेय ते डेपोला मात्र कधी देत नसत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज दरबाराच्या मुदपाकखान्यावर होते आणि ताटातल्या पदार्थाचा नुसता वास घेऊन त्यात विष आहे की नाही ते सांगत. आत्या यावर म्हणायची, "मग भाजीत मीठ नाही, हे चार घास झाल्यावर कसं कळतं?" फूफाजी शांतपणे उत्तर द्यायचे, "मिठाला वास नसतो." बसल्या जागी, डोळे मिटून, खिडकीखालून कुणाची स्कूटर गेली हे ते सांगत. पेट्रोलमध्ये रॉकेल किती मिसळलंय हे सांगत. एकदा शेजारच्या वकिलांची मोटरसायकल नुसती हुंगून ते म्हणाले, "वकीलसाहब, काल मुलाने चालवली. तुम्ही गाडी इतकी नाही ताणत." त्या मुलाने पुढे वर्षभर फूफाजींशी बोलणं टाकलं होतं.

त्यांची तपासणी म्हणजे एक विधीच होता. वेळ सकाळची, पोट रिकामं. आदल्या रात्री कांदा वर्ज्य. चहासुद्धा नंतर. गाडीच्या मागे पाच पावलं मोजून ते काठीने जमिनीवर रेघ ओढत आणि त्या रेघेच्या आत कुणाला येऊ देत नसत. "पीछे हो, बेटा. तुझं ते डोक्याचं तेल सगळी गडबड करून देईल." मग वाकून, हाताने धूर थोडा थोडा नाकाकडे ओढून घेत, डोळे मिटत. आजूबाजूला मिस्त्री लोक श्वास रोखून उभे. हजीऱ्याच्या गॅरेजांत रिवाजच पडला होता की धुराची तक्रार असेल तर फूफाजींनी सांगितल्याशिवाय कुणी बॉनेटला हात लावायचा नाही. मी कॉलेजात असताना त्यांनी मला शिकवलं होतं, "काळा धूर आंधळ्यालासुद्धा समजतो. निळा तेलाचा. पण पांढरा लबाड. थंडीत प्रत्येक गाडी पांढरा सोडते, ती नुसती वाफ. पण त्याला गोडसर वास आला ना, तर समजायचं, इंजिन स्वतःला गार ठेवणारं कूलंट जाळतंय. मग गाडी लगेच उभी करायची."

मागच्या हिवाळ्यात आम्ही एक जुनी हायब्रीड गाडी घेतली. दिल्लीच्या नियमाने तिचं वय झालं होतं, आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या गल्लीत ती नवीच दिसत होती. हायब्रीड गाडी ज्यांनी वापरली नसेल त्यांना सांगते, ही गाडी पहिल्या भेटीत माणसाला घाबरवते. बटण दाबलं की दिवे लागतात आणि बाकी काही होत नाही. आवाज नाही, थरथर नाही. ती बॅटरीवर जागी असते. मग आपण दार लावून, पट्टा बांधून विसरून गेलो की तिचं इंजिन आपल्या मनाने सुरू होतं, आपल्या मनाने बंद होतं, पुन्हा सुरू होतं. पुस्तकात लिहिलंय की हे असंच असायला हवं. पण पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं की आमची गाडी सुरू होताना आधी अशी हादरेल, जणू मागच्या सीटवर कुणीतरी कूस बदलली, आणि मग सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा एक लोट बाहेर पडून जमिनीलगत पसरत राहील.

त्यात जानेवारीचं धुकं. सकाळी आठला किल्ला तर सोडाच, समोरच्या घराचं फाटकही दिसत नव्हतं. त्या धुक्यात तो धूर विरत नसे. धुक्यापेक्षा जास्त पांढरा असा एक तुकडा गाडीच्या मागे बराच वेळ तसाच राहायचा. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. गाडीतलं कूलंट कमी होत होतं. माझा नवरा भरायचा, दोन दिवसांनी पाहावं तर दोन बोटं कमी. खाली पुठ्ठा पसरून ठेवला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत. "ही पितेय," नवरा म्हणाला. तो इंजिनिअर आहे. त्याच्या तोंडून असं ऐकल्यावर मी फूफाजींना फोन केला.

ते आले. मफलर, कानटोपी, हातात काठी. रेघ ओढली. मी, नवरा आणि हजीऱ्याचा मिस्त्री रेघेच्या बाहेर उभे राहिलो. नवऱ्याने बटण दाबलं. शांतता. फूफाजी वाकून वाट पाहत राहिले. "सुरू कर ना!" "सुरू आहे, फूफाजी." त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात गाडी हादरली, इंजिन घरघरलं, धुराचा लोट थेट त्यांच्या तोंडावर आला. त्यात ते पुरते दिसेनासे झाले. नुसती काठी दिसत होती. एरवी त्यांचा निकाल अर्ध्या मिनिटात लागायचा. त्या दिवशी इंजिन बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद झालं, तरी ते बाहेर येईनात. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"या धुराला वास नाही," ते म्हणाले.

"म्हणजे वाफ आहे?" नवऱ्याने विचारलं.

"वाफेला वास असतो. पाण्याला असतो, लोखंडाला असतो. याला काहीच नाही." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "असा धूर मी कधी नाही बघितला. ही गाडी आधी कोणाची होती?"

मिस्त्री पाच पावलांवरून हवेत नाक वर करून म्हणाला, "हाँ फूफाजी, बू तो बिल्कुल नहीं है।" नवऱ्यानेही मान हलवली. मीही हलवली. फूफाजींनी नाही म्हटल्यावर आपल्याला वास येतोय असं म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. मिस्त्री बॉनेटला हात न लावता निघून गेला.

मग सुरू झाले आमच्या घरातले विचित्र दिवस. फूफाजी रोज सकाळी यायचे. गाडीच्या मागे वेताचा मुढा टाकून बसायचे, धूर आला की डोळे मिटायचे, बंद झाला की उघडायचे. धुक्यातून पाहणाऱ्याला वाटावं, एक म्हातारा गाडीशी बोलतो आहे आणि गाडी मधूनमधून हुंकार देते आहे. शेजारच्या बाईंनी त्या बाजूची खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली. मी विक्रेत्याला फोन करून आधीच्या मालकाची चौकशी केली. तो म्हणाला, "मॅडम, वो तो अब नहीं रहे," आणि त्या संध्याकाळी मी गाडीतून डबा आणायला नवऱ्याला पाठवलं, नवऱ्याने मला पाठवलं, शेवटी डबा रात्रभर गाडीतच राहिला. आयुष्यभर भूतबाधेची टिंगल करणाऱ्या फूफाजींनी चौथ्या दिवशी खिशातून लिंबू-मिरच्या काढून बंपरला बांधल्या.  मला ते लिंबू पाहून हसू यायला हवं होतं. खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली.

सहाव्या सकाळी ते आले नाहीत. नवरा स्कूटरवर गेला होता. मला कॉलेजवर तास घ्यायला पोचायचं होतं, रिक्षा मिळेना. मनाचा हिय्या करून मी गाडीत बसले, बटण दाबलं आणि काच पुसायला खाली उतरले. मागची काच पुसत असताना इंजिन सुरू झालं. धूर माझ्या साडीभोवती आला. मी पळणार होते, पण जागीच थांबले. गोड वास येत होता. पुसट नाही, चांगला उग्र. गुळाचा पाक करपायला लागला की घरभर होतो तसा. तो वास मला फूफाजींनीच शिकवलेला होता. पाच दिवस ते या धुरात तोंड घालून बसले होते आणि म्हणत होते की याला वास नाही.

गाडीत भूतबित काही नव्हतं. मी गाडी बंद केली आणि चालतच आत्याच्या घराकडे निघाले. त्या धुक्यात मला इतके दिवस वाटली नव्हती तेवढी भीती वाटत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. जिन्यातच करपलेल्या दुधाचा भपकारा आला. स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं काळं पडलं होतं, दुधाचा मागमूस उरला नव्हता. आत्या देवळात गेली होती. आणि स्वयंपाकघराच्या दारातच, हातभर अंतरावर, गॅसकडे पाठ करून फूफाजी खुर्चीत बसले होते, पेपर वाचत. धूर त्यांच्या डोक्यावरून बाहेर जात होता. मला पाहून ते प्रसन्न हसले. "ये बेटा. चाय घेशील? दूध ठेवलंय."

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून असेल. ताप आला होता ना, त्याच्यानंतर. आधी वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, थंडी आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "तुझ्या आत्याला नाही माहीत."

"मग गाडीला वास नाही म्हणालात ते?"

"मला तसं वाटायचं होतं, बेटा. गाडीत भूत निघालं असतं तर माझं नाक तरी वाचलं असतं." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "मी काही गाडीसाठी नाही यायचो. वाटायचं, एखाद्या सकाळी वास येईल. इतका धूर आहे, कधीतरी थोडा तरी येईल. आज बिछान्यातच वाटलं, नाही येणार. म्हणून नाही आलो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग मी धुराचं सगळं सांगितलं. ते एकदम ताठ बसले. "गोड? किती गोड? सुरू होताना जास्त की नंतर?" सुरू होताना. "हादरते ना आधी? हां. रात्रीतून कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. हेड गॅस्केट गेलंय. त्या मिस्त्रीला सांग, चालवायची नाही, ओढून ने." मिस्त्रीने गाडी ओढून नेली, उघडली, तर तसंच निघालं. हजीऱ्यात त्यांचं नाव आणखी वाढलं. मिस्त्री आता सर्वांना सांगतो की फूफाजींनी पाच दिवस तपश्चर्या करून रोग पकडला. आम्ही नवरा-बायकोनेही त्याला दुजोरा दिला.

आत्याला मी त्याच दिवशी सांगितलं, आणि डॉक्टरांकडेही घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. आता कुणी गाडी आणली की फूफाजी मला बोलावतात. मी रेघेच्या आत जाते, ते बाहेर उभे राहतात. मी हुंगून येते, त्यांच्या कानात सांगते आणि ते निकाल देतात. बाहेर सांगितलंय की गुडघे दुखतात, वाकवत नाही. ते अजून चुकत नाहीत, मी चुकते, आणि चुकले की ते सगळ्यांदेखत मला झापतात.

परवा असंच एक काम आटोपून त्यांच्या घरी चहा पीत होतो. आत्या आत होती. ते मग म्हणाले, "एक विचारू? हसणार नाहीस ना? घरात सगळं जागच्या जागी आहे, तुझी आत्या आहे, देव आहेत, कपडे आहेत, पण मला असं वाटतं की इथे कोणी राहतच नाही. रिकाम्या घरात बसल्यासारखं होतं. भीती वाटते. आमच्या घराला वास कसला येतो गं?"

मी कप खाली ठेवला. नीट श्वास घेतला. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, देवापुढची विझलेली वात, दळून आणलेलं गरम पीठ, बादलीतले साबणाचे कपडे आणि आत्याच्या केसांचं तेल. एकेक करून सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"तेल कुठून येतंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मागून," मी म्हटलं. "आत्या दारात उभी आहे."