पायाशी उरलेली वीतभर जागा

आधीच सांगून टाकते, भूतप्रेत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. चंद्रपुरात कितीतरी वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून उशीर झाला असं कुणी सांगितलं, की तिला दारातच उभी करत असे. तुमच्या या सदरातले अनुभव वाचून "काय पण लोक!" म्हणणारी बाई मी... पण माझ्याकडे एक सुतळी आहे. तिचं काय करावं ते आजवर कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या पाचसहा वर्षांतली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. आम्ही ढीवर, मासे धरणारे. माझं माहेर मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर. सासर चामोर्शीजवळच्या एका तलावाच्या गावात. आमच्या ह्यांनी मात्र जाळं सोडून चांद्याला मोटारीचं काम शिकून घेतलं होतं, आणि पोटासाठी ते आठवडी बाजारांत फिरून शिलाई मशीन दुरुस्त करत. मी त्यांना चिडवायची, "ढिवराच्या पोटी जन्मले, अन् जाळ्याची साधी गाठ येत नाई तुमाले!" ते म्हणायचे, "तुले येते ना? मंग झालं! घरात एक गाठवाली पुरे."

माझ्या पहिल्या बाळंतपणात मूल गेलं आणि माझे पायही गेले. कमरेखाली जीवच राहिला नाही. बसवलं तरी घटकाभरात मी कलंडायची. दवाखान्यासाठी ह्यांनी चांद्यात पठाणपुरा दरवाज्याच्या आत एक खोली घेतली, आणि सासूबाई माझ्याजवळ येऊन राहिल्या. हे बाजारांना गेले की चारचार दिवस येत नसत. एकदा ते निघताना मी त्यांचं धोतर धरलं आणि मोठ्यानं रडले, "मले सोडून जाऊ नका वो. इथी पडल्यापडल्या मी छपराचे कवेलू मोजून राह्यली. एक दिवस अशीच मरून जाईन, तुमाले मालूमबी नाई पडन."

ते तसेच बाजाराला गेले. परत आले ते डोळे चमकवतच. "घरच चाकावर ठेवू ना! जुनी गाडी घेऊ, आतून लाकडाचं घर करू. तू पलंगावर, मी मशीनवर. जिथी बाजार तिथी आपलं बिऱ्हाड. काऊन रडतं?"

मला वाटलं, माझी समजूत घालताहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते तागाची सुतळी घेऊन आले. गाडीत पलंग आडवा टाकायचा होता, म्हणजे बाकीची जागा कामाला मोकळी राहील. त्यासाठी गाडीची रुंदी माझ्या लांबीएवढी हवी. मी चटईवर सरळ निजले. त्यांनी माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली, चिमटीत पकडलेली जागा माझ्या हाताशी आणली आणि म्हणाले, "मार तुही गाठ." मी थुंकी लावून जाळ्याची गाठ मारली. ही गाठ एकदा बसली की कापल्याशिवाय सुटत नाही. माझ्या लुगड्याच्या काठाचा एक लाल धागासुद्धा तिच्यात अडकला.

तेवढ्यात सासूबाई पाण्याची गुंडी घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय करून राह्यला रे लेका? जित्या माणसाले निजवून सुतळीनं मोजतेत काय? असं माप तिरडीले घेतेत! अक्कल कुठी गहाण ठेवली?"

"माय, तिरडीचं नाई, पलंगाचं माप हाय."

"मापाले काय समजते पलंग न् तिरडी? काप ते सुतळी, नदीत सोडून दे. नाई त मोजलेलं माप कोनाले तरी भरावं लागन."

"कापली त मंग गाडी कशानं मोजू?" म्हणून हे हसले. मीही हसले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

गाडी मीच पसंत करावी असा ह्यांचा हट्ट. हातगाडीवर गादी टाकून, मला तिच्यावर निजवून, भर बाजारातून ढकलत नेलं. लोक उभे राहून बघत होते, मी पदराखाली लाजेनं अर्धमेली झाले होते, आणि हे मोठ्यानं सांगत होते, "बायकोले मोटार घ्यून देऊन राह्यलो!"

ईरई नदीच्या बाजूला एका ठेकेदाराच्या आवारात लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या, डिस्पोजलच्या गाड्या गंजत उभ्या होत्या. एक मोठा ट्रक. तो उंच, मला चढवणं-उतरवणं कठीण, म्हणून तो बाद. मग एक जुनी अँब्युलन्स आणि एक बंद डब्याची व्हॅन. बैलाचे दात मोजावेत तशा ह्यांनी दोन्ही गाड्या तपासल्या. खाली शिरून चासीवर हातोडी वाजवली, इंजिन चालू करून पत्र्याला कान लावला, ऑइल बोटावर चोळून पाहिलं. अँब्युलन्स सगळ्यात सरस निघाली. इंजिन गोड, पत्रा शाबूत, आणि दोन्ही बाजूंना खिडक्या! मला उचलून आत ठेवलं, तर खिडकीतून नदी दिसली. किती दिवसांनी नदी पाहिली मी! म्हटलं, "हेच घ्या. बस, हेच."

ह्यांनी खिशातून सुतळी काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी धरली. भिंत लागली तरी गाठीपर्यंत चार बोटं सुतळी उरली. परत धरली, तरी तेच.

"नाई बसत," म्हणाले.

"कशी नाई बसत? मी एवढी लांब हाय काय? फुटपट्टीनं मोजा ना."

फुटपट्टी त्यांच्या खिशातच होती. ती त्यांनी काढली नाही. थोडा वेळ सुतळीकडे बघत राहिले, एकदा माझ्याकडे बघितलं. मग सुतळीची घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "माप सांगते तेच खरं. ते मोठी व्हॅन घेऊ. खिडक्या मी कापून देईन तुले, दोनच्या चार."

मी रुसले. परत येताना वाटभर पदर तोंडावरून काढला नाही.

पण चार खिडक्या खरंच झाल्या. हाताने पत्रा कापला, कडेला सागवानी चौकटी बसवल्या. चुलीला पत्र्याची पेटी, मडक्याला कडं, आणि मागच्या बाजूला त्याच सुतळीच्या मापाचा आडवा पलंग. डोक्याशी फळी, पायाशी फळी. मला पहिल्यांदा त्यावर निजवलं, तर पायाशी चांगली वीतभर जागा उरली. मी म्हटलं, "वा रे मिस्त्री! बाप्पा, कोनासाठी केला एवढा पलंग?" ते हसले आणि त्या जागेत त्यांनी हत्यारांची पिशवी ठेवली. "राहू दे ना. तुह्या पायाशी माही जागा."

ते एक वर्ष... माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही आहे, ते त्या वर्षात आहे. चामोर्शीच्या बाजारात मी पलंगावरून गिऱ्हाइकांशी बोलायची, हे मशीन खोलायचे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गाडी थेट नदीच्या उतारावर लावली. माहेरची सगळी माणसं खिडकीत येऊन भेटून गेली. बाबांनी चारही खिडक्या मोजल्या आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही खाली अहेरीकडच्या बाजारांना गेलो. तिथे ह्यांना हिवताप भरला. पहिल्या दिवशी थट्टा, दुसऱ्या दिवशी बडबड, तिसऱ्या दिवशी सकाळी उभंच राहवेना. बांबूच्या ट्रकचा एक ड्रायव्हर देवासारखा भेटला. त्याने आपला ट्रक क्लीनरच्या हाती दिला आणि आमची गाडी स्वतः चालवायला घेतली. ह्यांना पलंगावर निजवलं, हत्यारांची पिशवी खाली काढली, आणि मला पलंगाशी टेकवून खाली बसवलं. घटकाभर न बसू शकणारी मी, तो सगळा रस्ता बसले. कशी ते विचारू नका. त्यांचं डोकं मी धरून ठेवलं होतं.

मध्येच त्यांनी डोळे उघडले. टाचांनी पायाशी असलेली फळी चाचपली आणि म्हणाले, "पाह्य. बराबर पुरलो."

"बोलू नका. घर आलं."

"गाठ तुहीच हाय ना वो?"

"हो. माहीच."

"मंग झालं," म्हणाले.

चामोर्शी यायच्या आधीच ते गेले. भर दुपार होती, चारही खिडक्या उघड्या होत्या.

गावात तिरडी बांधणाऱ्यांनी माप मागितलं. सासूबाई उठल्या, गाडीतून तीच सुतळी आणून त्यांनी लेकाच्या अंगाशी धरली. डोक्यापासून टाचेपर्यंत. गाठ बरोब्बर टाचेवर आली, लाल धाग्यासकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सुतळी माझ्या ओटीत टाकून त्या लेकाशेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, पण मापाचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

माझे पाय पुढच्या शिवरात्रीपर्यंत परत आले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, ताकद आपोआप येते. येत असेल. काठी टेकत चालायला लागले, त्या दिवशी मी दार लावून जमिनीवर निजले आणि सुतळी स्वतःशी लावली. गाठ माझ्या टाचेवर आली. वीतभर तर सोडाच, बोटभरही जास्त नाही. ह्यांची उंची माझ्याहून चांगली वीतभर जास्त होती.

सुतळी ओढली गेली असेल म्हणाल, तर ती ओढून, भिजवून, वाळवून पाहिली, वाढत नाही. दुसरी सुतळी असेल म्हणाल, तर ती गाठ माझी आणि धागा माझ्या लुगड्याचा. मग त्या आवारात, त्या पलंगाला आणि त्या दुपारी ती लांब कशी झाली? मला ठाऊक नाही.

पण मला खरं छळतं ते वेगळंच. रोज सकाळ-संध्याकाळ मला दोन हातांवर उचलणारा तो माणूस. माझी लांबी त्याच्या हातांना पाठ होती. सुतळी खोटं बोलतेय हे त्याला तिथल्या तिथे कळलं नसेल? मग फुटपट्टी का नाही काढली? माझ्याकडे बघून सुतळी गुपचूप खिशात का ठेवली? वरून हसणाऱ्या त्या माणसाला आईचं बोलणं आतून खरं वाटलं होतं का? माझं माप त्याने आपल्या अंगावर घेतलं का... मला न विचारता? घेतलं असेल, तर फार वाईट केलंत हो तुम्ही. मी अजून रागावलेली आहे.

सुतळी शिवणाच्या डब्यात आहे. दर शिवरात्रीला मी दार लावून निजते आणि माप घेते. म्हातारपणी मी दोन बोटं आखडले आहे, तेवढीच ती जास्त भरते. माझं माप माझंच येतं. त्यांचं घ्यायला ते कुठे आहेत?