गाईच्या डोक्यावरची फुलं

‘हे’ गेले त्याच्या पुढच्या वर्षी मुलानं मला म्युनिकला नेलं. तो तिथे इंजिनिअर. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एक बाई कुंकवाची कोयरी घेऊन आली, सुनेला लावलं आणि मला टाळून पुढे गेली. विमानानं एवढ्या लांब जाऊन हेच धंदे! तळपायाची आग मस्तकात गेली, पण गप्प बसले. दोन वर्षं ह्यांचं आजारपण मी काढलं होतं. त्यांच्याबरोबर माझं कपाळही गेलं म्हणे.

पुढच्या रविवारी आम्ही आल्प्सच्या पायथ्याच्या एका गावात गेलो. घरांच्या भिंतींवर संतांची चित्रं, लाकडी सज्ज्यांत लाल फुलं, काठ्या टेकत डोंगर चढणारी माणसं. सुनेचे बूट घातले, पातळ वर खोचलं आणि कुरणापर्यंत चढून आले. मुलगा “आई, गुडघे!” करत मागे. गुडघे माझे, तुझ्या का पोटात दुखतं?

खाली आलो तर रस्त्याच्या कडेला गर्दी. उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गाई त्या दिवशी गावात परतणार होत्या. सगळी जनावरं धड आली, तर पुढच्या गाईला फुलांचा मुकुट बांधतात. पण घरात कुणी गेलं असेल, तर फुलं नाहीत. शेजारच्या आजोबांना विचारून सुनेनं हे सांगितलं.

घंटा वाजू लागल्या. एका कळपापुढे काळ्या कपड्यातली बाई चालत होती, आणि तिच्या गाईच्या डोक्यावर हा एवढा मोठा मुकुट! आजोबा काहीतरी पुटपुटले. सून म्हणाली, “आई, तिचा नवरा जुलैत गेला. हे शोभत नाही म्हणतायत.”

बाईनं ते ऐकलं. थांबून फाडकन काही बोलली.

“काय म्हणाली गं?”

“म्हणाली, तो गेल्यावर गाई मी सांभाळल्या. एकही दगावली नाही. फुलं बांधणारच.”

शाब्बास! मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. मुलगा इकडेतिकडे बघायला लागला. बघू दे. मला रडूही आलं, तेही लपवलं नाही.

आठवड्यानं त्याच कोयरीवाल्या बाईकडे सत्यनारायण होता. मुलगा म्हणाला, “आई, नाही आलीस तरी चालेल.” म्हटलं, “का नाही येणार? चल.”

ती पुन्हा मला टाळून निघाली, तेव्हा मी तिच्या हातातली कोयरी घेतली, आधी तिला कुंकू लावलं आणि मग कोयरी परत देऊन माझं कपाळ पुढे केलं. तिचं बोट अडखळलं. मी जागची हलले नाही.

लावलं तिनं शेवटी.